ना हरकत

४ फेब्रुवारी

ताई,

मी पळून आलो नाही. हे तू चौथ्यांदा लिहिलंस आणि मी चौथ्यांदा सांगतोय. शाळा सोडली ती जमत नव्हती म्हणून, आणि टाकीवर बाबांच्या हाताखाली लागलो नाही ते तिथे बसवत नाही म्हणून. रोज सकाळी खुणांची काठी टाकीत सोडायची, झऱ्याचं पाणी किती चढलं, किती उतरलं ते वहीत लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाबांना हे एकतीस वर्षं जमलं. मला एकतीस मिनिटं जमलं नसतं. तूच मला भिंगरी म्हणतेस, मग भिंगरीला काठावर बसवायला का निघालीस?

आता तू पाठवलेलं कात्रण. दोनदा वाचलं, नुसतं घडी घालून ठेवलं नाही. प्रांताच्या सरकारने नव्या नियमांचा मसुदा काढलाय. झऱ्याभोवती पाचशे मीटरपर्यंत खणायला बंदी आहे, ती पन्नासवर आणायची म्हणतात, आणि त्यावर लोकांच्या हरकती नि सूचना मागवल्यात. मागवू देत. बाबा वह्या घेऊन सुनावणीला जायचं म्हणतात, त्यांना जाऊ देऊ नकोस. का ते विचारू नकोस. इथेही दोन वर्षांपूर्वी अशीच सुनावणी झाली होती म्हणे. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, लोक बोलले, साहेबांनी लिहून घेतलं. मग खुर्च्या उचलल्या. आता त्याच जागी आमच्या खाणीचं बोअरचं मशीन उभं आहे.

माझं बरं चाललंय. येऊन चौदा महिने झाले. पगारातले चोवीसशे मुकादम दर महिन्याला कापून ठेवतो, आणि माणूस काम सोडून जाईल त्या दिवशी सगळे एकदम हातात देतो. त्याच्या आधी रडलं तरी देत नाही. फोन गेटवर काढून घेतात. रविवारी दहा मिनिटं देतात, तेव्हा मुकादम शेजारी बसून नखं कापत असतो. म्हणून पत्रच लिही, आणि खाणीच्या पत्त्यावर नको, चहाच्या टपरीवाल्या मावशींच्या पत्त्यावर.

एक चांगली बातमी. मुकादमाने परवा आपल्या भागातल्या सगळ्या पोरांच्या सह्या घेतल्या. मे महिन्यात वीस दिवस रजा. कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'ना हरकत' छापलेलं, ते मी एका दमात वाचलं. म्हणजे रजेला कुणाची हरकत नाही. घरचा पत्ताही लिहून घेतला. बाबांना सांग, सही करताना आता हात लटपटत नाही.

नेहमीचे दोन हजार वेगळे पाठवलेत.

तुझा भिंगरी


१५ फेब्रुवारी

भिंगरी,

शाळेच्या चाळीस शर्टांना काजं करायचीत, त्यामुळे हे पत्र तुकड्या-तुकड्याने लिहितेय. तू पळून गेला नाहीस, बरं. घाईघाईने चालत गेलास असं म्हणू.

'का ते विचारू नकोस' म्हणालास तर मी नक्की विचारणार, एवढं तरी तुला कळायला हवं होतं. पण आधी बाबांचं सांगते. त्यांची सवय तुला माहीत आहे. दाढ उपटली तेव्हा डॉक्टरांना म्हणाले, हरकत नाही. घरभाडं वाढलं, हरकत नाही. तू शाळा सोडलीस तेव्हाही आधी हरकत नाही म्हणाले आणि मग दोन दिवस जेवले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हरकत घ्यायचीय, आणि ती घेतात कशी हेच त्यांना ठाऊक नाही. चार कागद फुकट घालवले. प्रत्येकाची सुरुवात एकच, 'साहेब, आपल्याला त्रास देण्याचा हेतू नाही.' मी म्हटलं, बाबा, हेतू तोच आहे. तेव्हा हसले.

वह्यांमध्ये मात्र सोनं आहे. नऊ वर्षांपूर्वी डोंगराच्या वरच्या अंगाला रस्त्यासाठी सुरुंग लावले होते. त्या आठवड्यात टाकीतलं पाणी चार बोटं उतरलं ते आजतागायत वर आलं नाही. रोजचं माप, तारखेसकट. कचेरीतला कारकून म्हणाला, असा पुरावा अख्ख्या प्रांतात कुणाकडे नसेल. नियम एवढाच, की एका घराचं एकच म्हणणं नोंदवून घेतात. आपलं घर, बाबांची हरकत, झालं.

आता जे लिहिताना मला बरं वाटत नाहीये ते. मंगळवारी गाडीतून दोघं आले. चपला दाराबाहेर काढल्या, पाणी मागितलं, बाबांना काका म्हणाले. वह्यांचे फोटो काढायला घरी नेऊ का विचारलं. बाबांच्या तोंडून हरकत ना... एवढं निघालं होतं, मी शिवणाची कात्री खाली पाडली तेव्हा ते थांबले. जाताना एकजण म्हणाला, 'तुमचा मुलगा आमच्याकडेच आहे. कामाला वाघ आहे. तीन नंबरची खोली, खिडकीजवळची खाट. आम्ही काळजी घेतो त्याची.'

तू मला कधी खोलीचा नंबर कळवला नाहीस. त्यांच्या खिशावर हिरवा पक्षी होता. तुझ्या शर्टावर काय आहे ते कळव.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

हिरवा पक्षीच आहे.

तुझं पत्र टपरीवर उभ्यानेच वाचलं आणि मावशींनी पुढे केलेला चहा तसाच राहिला. आता सगळं लिहितो. आधी लिहिलं नाही कारण तू बाबांना वाचून दाखवतेस. हे दाखवू नकोस.

मावशींच्या टपरीमागे विहीर आहे. मी आलो तेव्हा तिचं पाणी हाताने वाकून काढता यायचं. आम्ही मशीन लावलं, चौथ्या आठवड्यात दोर वाढवावा लागला. मग पाणी दुधासारखं पांढरं झालं. मग तेही संपलं. आता चहाचं पाणी टँकरचं. मावशी मला काही बोलत नाहीत, पण चहा देताना बघतात, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट आहे. मशीनचा दांडा मीच फिरवत होतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक वेल्डर असायचा. झोपेत बडबडायचा. आम्ही म्हणायचो, हा स्वप्नातसुद्धा ठिणग्या पाडतो. त्याने नोव्हेंबरात त्या पांढऱ्या पाण्याची बाटली भरली आणि पर्यावरण खात्याच्या कचेरीत नेऊन दिली. तिसऱ्या दिवशी मुकादमाने त्याला बोलावलं, कापलेले पैसे हातात दिले आणि स्टेशनवर सोडतो म्हणून गाडीत बसवलं. त्याची ट्रंक अजून खाटेखाली आहे. कुलूप लावलेली. घाईत माणूस ट्रंक विसरतो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण त्याच्या बायकोची तीन कार्डं टपरीवर येऊन पडलीत. तो कुठे आहे, पत्र का नाही, असं विचारते. तिला वाटतं तो इथेच आहे. मावशींना ना उत्तर लिहिता येतं, ना ती परत पाठवायचा धीर होतो.

अजून एक. मुकादम काल हसत म्हणाला, जूनमध्ये मशीन तुझ्या गावच्या डोंगरावर जाणार, घरचं खाऊन पगार घेशील. म्हणजे मसुद्यावरचं लोकांचं म्हणणं अजून ऐकूनही झालं नाही आणि यांची तारीख ठरलीय.

ताई, बाबांना म्हणावं, जन्मभर म्हणालात तसं आणखी एकदा हरकत नाही म्हणा. वह्या देऊन टाका. हात जोडतो. मी भित्रा आहे असं समज, पण ती ट्रंक मला रोज दिसते, तुम्हाला दिसत नाही.

भिंगरी


१२ मार्च

भिंगरीस,

तुझं पत्र सुनावणीच्या आदल्या दिवशी मिळालं. बाबांना दाखवलं नाही. अडवावं असं फार वाटलं, पण सकाळी उठून बघते तर ते इस्त्रीचा शर्ट घालून, एकतीस वह्या दोन पिशव्यांत भरून दारात बसलेले.

मांडव, खुर्च्या, सगळं तू लिहिलंस तसंच. साहेब माणूस वाईट नव्हता. घसा बसला होता, सारखं पाणी पीत होता, आपल्याच झऱ्याचं. एकेक घर पुकारत होते. आपलं घर आलं तसे बाबा दोन्ही पिशव्या घेऊन उभे राहिले. कारकुनाने यादी बघितली आणि साहेबांच्या कानाला लागला. साहेब म्हणाले, 'या घराचं म्हणणं तर आधीच आलंय. मसुद्याला ना हरकत. मुलाने सही करून पाठवलंय.'

बाबा म्हणाले, बघू. कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवलेली. ती तशी वळवायला त्यांनीच तुझा हात धरून शिकवलं होतं. ती त्यांनी ओळखली. कागद परत दिला आणि काय म्हणाले सांगू? 'हरकत नाही.' आणि खाली बसले.

सवयीने रे. पाय कुणाचा लागला तर म्हणतात तसं. लोक हसले. साहेब कारकुनाला म्हणाले, लिहून घ्या, वडिलांचीही हरकत नाही. त्याने लिहून घेतलं.

आज दोन दिवस झाले, बाबा टाकीवर गेलेले नाहीत. काठी भिंतीला टेकलेली आहे. एकतीस वर्षांत वहीत कोरी ओळ नव्हती, आता दोन आहेत. ते तुझ्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. मी बोलते. काय मिळालं तुला त्या सहीचं? झरा विकलास तर निदान भाव तरी कळव.

रागाने लिहिलंय, खोडत नाही. पण कारकुनाने मला बाजूला घेऊन एक सांगितलं, तेही लिहायला हवं. ज्याने सही केली त्याला ती मागे घेता येते. स्वतःच्या हाताने लिहून, टपालाने, ३१ मार्चच्या आत पोचलं पाहिजे. मागे घेतली की घराचं म्हणणं मोकळं होतं, मग बाबांचं घेतात. मात्र मागे घेणाऱ्यांची यादी कचेरीबाहेर फलकावर लावतात, कुणालाही वाचता येते.

हे मी बाबांना सांगितलेलं नाही. तुला कर म्हणत नाही. ट्रंकेबद्दल वाचल्यापासून माझ्या हातून सुईत दोरा जात नाही. कर म्हणत नाही आणि करू नकोसही म्हणत नाही. एवढं वाईट पत्र मी कधी लिहिलं नव्हतं.

ताई


२० मार्च

ताई,

भाव विचारलास. वीस दिवसांची रजा, हा भाव. तीही नाही. तुझं पत्र वाचून मी मुकादमाकडे गेलो आणि रजेचा कागद कुठे आहे विचारलं. तो म्हणाला, कसली रजा? रजेला सही लागत नाही, रजेला मी लागतो. बाकीचे हसले, मीही हसलो.

मी फक्त डोक्यावरचं वाचलं होतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत दहा ओळी होत्या. मोठी अक्षरं आली म्हणून इतका खूश झालो की बारीक बघितलीच नाहीत. मुकादमाने बोटाने जागा दाखवली, मी शेपटी वळवली. बाबांना एवढं सांग. शाळा सोडली त्याचा राग आज पहिल्यांदा मला माझाच आला.

कचेरीला पत्र लिहिलं. तीनदा लिहून फाडलं, कारण हरकत हा शब्द आला की आता भीती वाटते, मागेपुढे कुठे ना चिकटून बसलाय का बघावं लागतं. शेवटी असं लिहिलंय:

'साहेब, ना हरकत कागदावरची सही माझी आहे. कागद माझा नाही. मला तो रजेचा वाटला. माझी हरकत आहे. पाचशे मीटर आहे तेच ठेवा. मी बोअरच्या मशीनवर कामाला आहे म्हणून सांगतो, पन्नास मीटरवर मशीन लावलं तर पाणी राहत नाही. इथली एक विहीर चार महिन्यांत गेली. ती मी स्वतःच्या हाताने घालवली. माझे वडील एकतीस वर्षं पाणी मोजतात. त्यांचं म्हणणं घ्या. सुनावणीत ते हरकत नाही म्हणाले ती त्यांची सवय आहे, मत नाही.'

चुका असतील. तू तपासायला नव्हतीस. खाणीच्या पेटीत टाकलं तर फोडतात, म्हणून मावशी बाजाराला गेल्या तेव्हा त्यांच्याकडे दिलं. त्यांनी ते पदराच्या आत ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

यादीचं वाचलं. लावू देत यादी. असं लिहिलं खरं, पण लिहिताना दोनदा दाराकडे बघितलं.

भिंगरी


२९ मार्च

भिंगरी,

पोचलं. सत्तावीस तारखेला. कारकुनाने शिक्का मारून मला दाखवलं. काल बाबांची हरकत दाखल झाली, एकतीस वह्यांसकट, पोच घेतली. त्यांनी एकच ओळ लिहिली, 'माझी हरकत आहे, पुरावा वह्यांमध्ये आहे.' त्रास देण्याचा हेतू वगैरे काही नाही. तुझं पत्र त्यांना सगळं वाचून दाखवलं, दोन्ही पत्रं, ट्रंकेचंसुद्धा. ते उठले, काठी घेतली आणि टाकीवर गेले. वह्या जमा करायच्या आधी कोऱ्या राहिलेल्या ओळींवर त्यांनी काय लिहिलं माहीत आहे? 'मापलं नाही. हरकत होती.'

कारकून म्हणाला, आपल्याकडच्या एकोणीस घरांची ना हरकत अशीच बाहेर गेलेल्या मुलांच्या सह्यांनी आलीय, म्हणून सह्या मागे घ्यायची मुदत एप्रिलअखेरपर्यंत वाढवलीय. सात आया काल माझ्याकडे पत्रं लिहून घ्यायला आल्या होत्या.

पण आज सकाळी ते दोघं पुन्हा आले. या वेळी चपला काढल्या नाहीत. पाणी नको म्हणाले. दारातूनच वह्या कुठे आहेत विचारलं. मी म्हटलं, कचेरीत जमा आहेत. मग मला राहवलं नाही, मी विचारलं, माझा भाऊ कसा आहे? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मागच्या वेळी ज्याने तुझी खाट सांगितली होती, तोच म्हणाला, 'कोण भाऊ?'

घरी ये. रजा नको, पैसे नको. मिळेल ते वाहन धर आणि ये.

ताई


७ एप्रिल

ताई,

'कोण भाऊ' वाचलं. मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण तुझं पत्र हातात पडायच्या तासभर आधी मुकादमाने मला बोलावलं होतं. खुर्ची दिली. चहा दिला. आणि सोळा महिन्यांत पहिल्यांदा मला अहो-जाहो केलं. 'तुम्ही बसा ना, उभे का?' म्हणाला, तुमचं इथलं काम संपलं, उद्या सकाळी सातला गाडी येईल, तुम्हाला स्टेशनवर सोडेल. पैसे मोजून हातात दिले. ड्रायव्हर दारात उभा होता. वेल्डरला नेलं तोच.

मी त्या गाडीत बसणार नाही. हे टपरीवर बसून लिहितोय, दुपारचे चार वाजायला आलेत. तीनला पाळी बदलते तेव्हा दोन्ही गेट उघडी असतात आणि शंभर माणसं आत-बाहेर करतात, त्या गर्दीत मी बाहेर पडलो. अंगावरच्या कपड्यांनिशी. ट्रंक आणली असती तर ओळखलं असतं. आता तीन नंबरच्या खोलीत दोन ट्रंका आहेत. मावशी भाजीच्या टेम्पोत बसवून देतायत. टेम्पोवाला अजून आलेला नाही. रस्त्यावर गाडी वाजली की मावशी उगाच पातेलं आपटतात आणि मी खाली वाकतो.

आधी घरी येणार नाही, रागावू नकोस. वेल्डरच्या बायकोची कार्डं खिशात आहेत, पत्ता आहे. आता चार झालीत. तिला कुणीतरी समोर बसून सांगायला हवं, आणि तिच्यासोबत पोलिसांत जायला हवं. मी जेवढं बघितलं तेवढं सांगेन. तिथून आपलं गाव दोन दिवसांवर आहे. वीस तारखेपर्यंत टाकीवर पोचलो नाही तर माझी सगळी पत्रं घेऊन सुनावणीच्या साहेबांकडे जा. तीन नंबरची खोली, खिडकीजवळच्या दोन खाटा, खाटांखाली दोन ट्रंका, असं सांग. बाबांना त्या दिवशीच्या ओळीत पाण्याच्या मापाशेजारी माझंही लिहायला सांग. आलो तर आला, नाही तर नाही. पण त्यांना बजाव, त्या ओळीत हरकत नाही असं लिहायचं नाही.

कचेरीला लिहिलेल्या पत्राची नक्कल खोलीत गादीखाली ठेवलीय. खोलीतल्या दोघांच्या आयांची पत्रं आलीत, त्यांना मोठी अक्षरंसुद्धा जमत नाहीत, ते बघून बघून लिहितील.

अंगावर पैसे ठेवायला नकोत असं मावशी म्हणतात. भाड्याचे त्यांनी स्वतःच्या डब्यातून दिले, माझे घेतले नाहीत. उद्या त्या पोस्टात जाऊन मनीऑर्डर करतील, पावती जपून ठेवतील. त्यातून बाबांना बत्तिसावी वही घे. जाड पुठ्ठ्याची घे, ओल लागत नाही. या वेळी नेहमीचे दोन हजार नाहीत. सोळा महिने कापलेले सगळेच्या सगळे, अडतीस हजार चारशे पाठवतोय.